वहिनींनी कुणालाच विचारलं नाही

बारा वर्षे मी एक खोटे मनात बाळगले. ते बोललो तेव्हा मी अमरावतीच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा सचिव होतो, आणि ज्यांच्याशी बोललो त्या वहिनींइतके माझे भले फार थोड्यांनी केले असेल. "समितीने नकार दिला," असे मी त्यांना सांगितले. वस्तुतः तो विषय मी समितीपुढे ठेवलाच नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे वहिनींविषयी पुढे जे लिहीन ते कोण लिहितो आहे, याचा विसर पडणार नाही.

वहिनी म्हणजे माझा मित्र सुधाकर याची पत्नी. तो बस डेपोत मेकॅनिक, वहिनी एका दवाखान्यात परिचारिका. त्या प्रार्थना करीत ती उघड्या डोळ्यांनी. सारी मंडळी डोळे मिटून, माना खाली घालून उभी असे, आणि वहिनी मात्र सरळ समोर पाहत. पाळकसाहेबांनी एकदा हळूच टोकले, तेव्हा म्हणाल्या, "पंधरा वर्सं वॉर्डात प्रार्थना केली साहेब. डोये मिटले तर सलाईन कोन पायन? देवाले मी दिसते, मले पेशंट दिसू द्या." उपासनेत कुणाला घेरी आली की सर्वांत आधी वहिनीच पोचत.

त्यांना मूल नव्हते. दत्तकासाठी अर्ज करून तीन वर्षे झाली, आणि एके दिवशी संस्थेकडून एका पाच महिन्यांच्या मुलीचा फोटो आला. रंग गडद काळा, केस दाट, बारीक कुरळे. तिच्या जन्मदात्यांपैकी कुणीतरी आफ्रिकेतून शिकायला आलेले असावे, असा अंदाज होता. आधी दोन कुटुंबांनी फोटो पाहूनच नाही म्हटले होते. संस्थेच्या कार्यकर्तीला काळजी वाटत होती, म्हणून या मुलीला तुमच्या लोकांचा आधार मिळेल असे कुणी लिहून देईल का, असे तिने विचारले. उत्तर चार दिवसांत हवे होते. वहिनी फोटो घेऊन थेट माझ्याकडे आल्या.

"भाऊजी, आमी तर तिले मनात घेऊनच बसलो," त्या म्हणाल्या. "पन एवढ्या लेकराले नुसते मायबाप नाही पुरनार. तिले मंडळी पायजे. समितीले इचारून पत्र द्या."

मी होकार दिला आणि कुणालाही विचारले नाही. मनाशी कारण तयार होते: आधीच लोक आपल्याला परक्यांचे म्हणतात, त्यात हे मूल आपल्यात वाढले तर नाना शंका घेतील, मंडळीलाच त्रास होईल. हे कारण मी वर्षानुवर्षे स्वतःला ऐकवीत राहिलो. खरे कारण त्याहून लहान आणि लाजिरवाणे होते. तो फोटो पाहून मी दचकलो होतो.

दोन दिवसांनी मी सांगितले, "समितीने नकार दिला." वहिनींनी फोटो परत पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "असू द्या. नवी गोष्ट हाय. लोकायले वेळ लागते."

पत्र दिले ते त्यांच्या शेजारच्या गुरुजींनी. गुरुजी बौद्ध, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी स्वच्छ अक्षरात मजकूर लिहिला आणि एका संध्याकाळी गल्लीतल्या घराघरांतून सह्या आणल्या. मला समितीच्या सभासदांच्या फक्त पाच घरांत जायचे होते. मी एकाही घरी गेलो नव्हतो.

मुलगी आली. नाव ठेवले कृपा. आणि पहिल्याच आठवड्यात वहिनींनी एक गोष्ट केली, जी मी कधी विसरणार नाही. बाळाला दुपट्यात गुंडाळून त्या समितीच्या पाचही सभासदांच्या घरी गेल्या. नकार का दिला, असे त्यांनी कुणालाच विचारले नाही. "आशीर्वाद द्या," एवढेच म्हणाल्या. समितीतले सर्वांत वडील बेकरीवाले काका. त्यांनी बाळाला उचलून छातीशी धरले आणि वहिनींवरच रागावले, "आठ दिवस झाले अन् आता आनून राह्यली होय व पोरीले? पहिल्याच दिवशी कावून नाही आनलं?"

वहिनी आनंदाने हे मला सांगायला आल्या. "पाहा भाऊजी, काकांचं मन कसं पाघळलं!" काकांचे मन पाघळण्याची गरजच नव्हती, हे एकट्या मला ठाऊक होते. मी हसलो आणि त्यांना चहा घ्या म्हणालो.

कृपाच्या केसांसाठी वहिनी मोठ्या दातांचा कंगवा शोधत साऱ्या बाजारात फिरल्या. खोबरेल लावून बटा सोडवायला तास तास बसत. एकदा बसमध्ये एका बाईने कृपाकडे पाहत विचारले, "कोनाची वो हे?" वहिनी म्हणाल्या, "माही. कावून, तुमची हरपली काय?" सारी बस हसली, ती बाईही हसली आणि तिने सरकून जागा दिली.

माझ्या पत्नीचे ऑपरेशन झाले तेव्हा वहिनी दीड महिना रोज ड्युटीवरून सुटल्यावर ड्रेसिंगला येत. सोबत कृपा. ती पत्नीच्या उशाशी बसून शाळेतल्या गमती सांगे आणि मला मोठेबाबा म्हणे. पत्नी म्हणायची, औषधाने नव्हे, या पोरीच्या बडबडीने मी उठले. त्या दिवसांत मी खरे बोलायला हवे होते. पण ज्या घराने आपल्याला इतके दिले, ते आता गमवावे लागेल या भीतीने मी पुन्हा गप्प राहिलो.

गेल्या वर्षी सुधाकरची बदली अकोल्याला झाली आणि ते कुटुंब गेले. यंदा बेकरीवाले काका वारले. मी वहिनींना फोन केला. त्या खूप रडल्या. म्हणाल्या, "लई जीव लावला काकांनी माह्या पोरीले. पहिल्यांदा नाही म्हनले होते, पन ते मी तवाच माफ केलं."

मी फोन ठेवला. काकांनी न केलेल्या अपराधाची त्यांना क्षमा झाली होती, आणि "मला तर कुणी विचारलंच नव्हतं" असे सांगायला ते आता राहिले नव्हते.

त्या रविवारी उपासना झाल्यावर मी अकोल्याची बस धरली. दार कृपाने उघडले. वहिनी कणकेचे हात पुसत बाहेर आल्या. "बसा भाऊजी, उभ्यानं काय? चेहरा असा कावून उतरला?" असे म्हणत सवयीने त्यांनी माझे मनगट धरून नाडी पाहिली. कृपा पाणी आणायला आत निघाली, तिला मी थांबवले. जे बोलायचे ते तिच्यासमोरच बोलायला हवे होते.

"वहिनी," मी म्हणालो, "काकांनी तुम्हाला नाही म्हटलं नव्हतं. समितीतल्या कुणीच म्हटलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नाही. त्यांच्या नावावर मी खोटं बोललो. कृपा, बेटा, तुझा फोटो पाहून तुला नको म्हणणारा आमच्या मंडळीत एकच माणूस होता. तो मी. माझं फार चुकलं. तुम्ही दोघी मला क्षमा करा."