मास्तरांची काठी आणि वहिनींचा पडदा

आमच्या शेजारचे टेलरमास्तर कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत. उद्धटपणा नव्हे, धंद्याची सवय. त्यांची नजर आधी तुमच्या खांद्यावर जाते, मग बाहीवर, आणि तिथूनच ते तुमची विचारपूस करतात. मला एकदा म्हणाले, "बरं नाही का? डावा खांदा उतरलाय." खरंच ताप होता मला. उजव्या हाताच्या मधल्या बोटातलं पितळी अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायचं टोपण, तर ते जेवतानाही काढत नाहीत. वहिनी म्हणतात, लग्नात अंगठी मी घातली होती, पण संसार त्या टोपणाशीच केला यांनी.

असा माणूस एका मंगळवारी भर दुपारी माझ्या दारात उभा राहिला आणि चक्क माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "मासा शेपटी वर काढून चरतो, माहितेय तुम्हाला?"

ते घराकडे वळताच मी हातातली भाजी टाकली आणि भिंतीपाशी जाऊन बसले. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि ती माझ्या बाजूने आहे.

झालं होतं असं. एका उंच गिऱ्हाइकाने पँट आखूड करायला दिली होती. ती न्यायला आला तेव्हा मास्तरांचं धक्क्यावरचं गळ टाकणं निघालं बोलण्यात. सुट्टीच्या दिवशी ते वर्षानुवर्षं तिथे बसतात. तो म्हणाला, चला, तुम्हाला वेगळं दाखवतो. ओहोटीनंतर खाडीच्या तोंडाशी मैलभर वाळू उघडी पडते, आणि पाणी परत चढायला लागलं की गुडघाभर पाण्यात चंदेरी मासे येतात. डोकं खाली, शेपटी वर. शिसं लावलेला गळ धप्पकन पडला की पसार. त्यांच्यापुढे टाकायची ती पिसांची, दोऱ्याची खोटी कोळंबी, लवचिक काठीने, जाड दोरी हवेत झुलवून, अगदी अलगद. तिथे नेऊन पाच मिनिटं त्याने ती काठी मास्तरांच्या हातात दिली. पाच मिनिटंच. तेवढ्यात आमचा माणूस हातचा गेला.

रात्रीच्या जेवणाआधी भिंतीपलीकडे सभा भरली.

"अहो, काठी हवीय म्हणता, तर खिडकीला हवीय. पडदा दोन वर्षं घडी करून ठेवलाय मी," वहिनी म्हणाल्या.

"तीही आणू."

"तीही म्हणजे?"

मग बराच वेळ काही ऐकू येईना, म्हणून मी साखर मागायला गेले. मास्तर खाली बघूनच बोलत होते. "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मापाचं शिवलं. अंगातला सदरासुद्धा गिऱ्हाइकाने न नेलेला आहे. एक गोष्ट माझ्या मापाची घेऊ दे."

वहिनींनी माझी वाटी भरली, काठोकाठ. म्हणजे त्या विचारात होत्या, एरवी अर्धीच देतात. "घ्या," त्या म्हणाल्या. "पण दोन महिने. तेवढ्यात त्या काठीने एक मासा माझ्या डोळ्यांदेखत काढलात तर ठीक. नाहीतर ती काठी खिडकीला. आणि ह्या साक्षीदार."

मला आमंत्रण लागत नाही, तरी मिळालं की बरं वाटतं.

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात त्यांच्यासोबत मीही गेले. माझं तिथे काय काम? काही नाही, म्हणूनच गेले. दुकानवाल्या बाई साठीच्या, उन्हाने भाजलेल्या, बोलायला रोखठोक. भिंतभर काठ्या. मास्तरांनी सगळ्यांत महागडी उचलली, नखाने तिच्या कड्यांवरचा दोरा खरवडून पाहिला, कापडाची वीण बघावी तशी उजेडात धरली आणि परत ठेवली. मग स्वस्तातली उचलली. तिचंही तसंच.

"काय शोधताय, दादा?"

"टाके. दोन्हीचे सारखेच आहेत. मग हिचे इतके पैसे कशाचे?"

"नावाचे," बाई म्हणाल्या, आणि स्टूल पुढे ओढून बसल्या. "हे बघा, खाऱ्या पाण्यासाठी आठ नंबरची, नऊ फुटी काठी लागते. ती साधी चालते. वारा असतो, मासा दांडगा असतो, म्हणून आठ नंबर. पैसे घालायचे ते दोरीत. स्वस्त दोरी उन्हात मऊ पडते, मग शेवयांसारखी लोळते. दुसरं, रीळ. मासा दोरी घेऊन सुटतो तेव्हा आतला ब्रेक धरला पाहिजे. आणि तिसरं, चष्मा, पाण्यावरची चकाकी मारणारा. मासाच दिसला नाही तर टाकणार कुणावर?"

मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हणजे कापड साधं चालेल, दोरा चांगला हवा. साधं कापड चांगल्या दोऱ्यावर दहा वर्षं जातं. भारी कापड सडक्या दोऱ्यावर पहिल्याच धुण्यात उसवतं."

"तुम्ही करता काय?"

"टेलर."

"मग तुम्हाला शिकवायचं काय मी," बाई हसल्या.

तासाभरात खरेदी उरकली. काठी साधी. दोरी भारी, उन्हात मऊ न पडणारी. रीळ मधलं. चष्म्याऐवजी नेहमीच्या चष्म्यावर चिमटीने अडकवायच्या काळ्या काचा. पाण्यात चालायचे खास बूट बघून मास्तर म्हणाले, घरी जुने कॅनव्हासचे आहेत, ते वाळूला काय कळणार. खोट्या कोळंब्यांची पेटी बघून तर ते नुसते हसले. दोरा, मणी, लेसचे तुकडे, सगळं घरचंच. पिसं माझ्या उशीतून गेली, हे मला उशी चपटी झाल्यावर कळलं.

निघताना बाई म्हणाल्या, "समुद्रावरून आलात की रीळ गोड्या पाण्याने धुवा. आणि आत तेलबिल सोडू नका, ब्रेक कोरडाच धरतो." मास्तरांनी मान हलवली. पण ते तेव्हा काठीच्या मुठीचं बोटांनी माप घेत होते. ऐकलं ते मी.

पुढे दीड महिना आमच्या गल्लीत जीव मुठीत धरून चालावं लागत होतं. टोकाला लोकरीचा गोंडा बांधून मास्तर रोज संध्याकाळी दोरी झुलवायचे. मागे जायची, पुढे यायची, मागे जायची. सायकलवरून जाणाऱ्या पोस्टमनची टोपी गेली. वाळत घातलेला माझा अभ्रा एकदा गोंड्याला लागून उडाला आणि मास्तरांपुढे जाऊन पडला. "अलगद पडला की नाही?" हे वर मलाच.

गल्ली जमली, समुद्र जमेना. सात रविवार गेले. कधी सावली पडून मासे पळाले, कधी दोरीवर स्वतःचाच पाय. परत आल्यावर मास्तर काठी धुवायचे, आणि वहिनी फूटपट्टीने खिडकी मोजायच्या. मोठ्याने आकडे म्हणत. मी वहिनींना म्हटलं, "नऊ फूट जास्त होईल." त्या म्हणाल्या, "काठी चार तुकड्यांची आहे. दोन पुरतात."

आठवा रविवार शेवटचा. सकाळी आम्ही तिघं वाळूवर. वहिनींनी छत्री उघडली, मी शेंगदाणे. मास्तर पाण्यात शिरले, नेहमीच्या चष्म्यावर काळ्या काचा, पायात ठिगळाचे बूट. पाणी चढत होतं, काचेसारखं. अर्धा तास काही नाही. मग ते थबकले, आणि मी पहिल्यांदा ती पाहिली. शेपटी. पाण्याबाहेर, एकमेकींपासून हातभर अंतरावर दोन, मग तीन, उन्हात नाण्यासारख्या चमकणाऱ्या. माझ्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले.

"वहिनी, त्या बघा."

"दिसतात मला," वहिनी कुजबुजल्या. छत्री त्यांनी केव्हाच मिटली होती, सावली पडायला नको म्हणून. मी ते लक्षात ठेवलं.

मास्तरांनी दोरी मागे घेतली. पुढे. मागे. सुईत दोरा ओवताना करतात तसं तोंड केलं आणि सोडली. कोळंबी शेपटीच्या पुढे चार हातांवर, काही न वाजता पडली. एक ओढ दिली. दुसरी. आणि पाणी फुटलं.

काठी वाकली ती वाकलीच. मासा समुद्राकडे असा सुटला की रीळ किंचाळायला हवं होतं. ते किंचाळलं नाही. नुसतं गरगर फिरत राहिलं, रिकाम्या मशीनच्या चाकासारखं. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"मास्तर, रिळात काही घातलंत काय?"

"तेल," ते वळून न बघता ओरडले. "मशीनचं. रात्रीच. चांगलं सुळसुळीत केलं."

चाळीस वर्षं जे फिरतं त्याला तेल घालणारा माणूस. दुसरं काय करणार? ब्रेक लोण्यासारखा घसरत होता, दोरी संपत आली होती, आणि शेवटच्या गाठीला हिसका बसला की मासा तोडून जाणार हे मलाही कळत होतं.

"अहो, धरा ना त्याला," वहिनी पाण्याच्या कडेला पोचल्या होत्या.

"हाताने धरलं तर बोट जाईल."

"मग टोपण कशाला मिरवता?"

मास्तरांनी बोटाकडे पाहिलं. मग मधलं बोट वाकवून त्यांनी अंगुस्तान फिरत्या रिळाच्या काठावर टेकवलं. किर्रर्र आवाज झाला. आधी हलकं, मग दाबून, जाड कापडातून सुई रेटतात तसं. रीळ मंदावलं. थांबलं. मासा वळला. मास्तरांनी गुंडाळायला घेतलं; तो पुन्हा पळाला, पुन्हा टोपण. तिसऱ्यांदा पळाला तेव्हा वहिनी चपलांसकट गुडघाभर पाण्यात होत्या आणि "सोडा, आता ओढा, आता सोडा" असं शिकवत होत्या, जणू जन्मभर हेच केलंय.

शेवटी तो आडवा झाला. मास्तरांच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, आरशासारखा. त्यांनी ओल्या हाताने त्याला पोटाखाली धरला. ओठात रुतलेल्या कोळंबीकडे वहिनींनी वाकून पाहिलं.

"ही तपकिरी लोकर माझ्या स्वेटरची आहे."

"बाहीच्या आतून घेतली," मास्तर म्हणाले. "दिसत नाही."

त्यांनी गळ सोडवला आणि हात सैल केला. मासा क्षणभर तिथेच राहिला, मग नव्हता. मास्तर बघत राहिले, मान वर करून, दूर. अंगुस्तानाला एका बाजूने लख्ख चरा पडला होता, तो त्यांनी अजून घासून काढलेला नाही.

"पाहिलात ना डोळ्यांदेखत?" मी वहिनींना विचारलं. "का काठी खिडकीला लावायची?"

वहिनी पाण्यातली चप्पल शोधत होत्या. "डोळ्यांत पाणी उडालं होतं, नीट नाही दिसला," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी परत बघू."

पडदा आता खिडकीला आहे. दोन खिळे आणि मधे शिवणाची सुतळी, मधोमध चांगली झोळी पडते. मी एकदा विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, काठी कामात आहे. आणि त्यांच्या स्वेटरची दुसरी बाहीही आता जरा आखूड दिसते.