पोटावरचं उखळ

‘हितं हाय गडी!’ म्हणत वस्ताद आमच्या बेंबीखाली दोन बोटं खुपसायचे. ‘हात-पाय नुसते चाकर. मालक हितं बसतो.’ बोटं कसली, पहारी होत्या त्या.

निजामाच्या अमलातली गोष्ट. डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात तालीम होती, तिचे हे वस्ताद. साखरा गावाकडून एकटेच आलेले, तालमीमागच्या खोलीत राहायचे. शंभर जोर मारले तरी त्यांना कौतुक नव्हतं. उताणं निजवायचे, पाय वीतभर वर धरायला लावायचे आणि पोटावर पाण्याचा भरलेला तांब्या ठेवायचे. पोट थरथरलं की पाणी सांडायचं. ‘सांडलं? भर पुन्हा!’ आणि स्वतः समोर बसून खुशाल शेंगा फोडायचे. अस्सा राग यायचा म्हणून सांगू! पण जवळा बाजारच्या कुस्त्यांत मी फेटा जिंकला तो त्या पोटाच्या जोरावर, हे कबूल करतो.

आमच्या गावची एक रीत होती. नागपंचमीला वस्तादाने तालमीतल्या लाल मातीच्या हौद्यात उताणं पडायचं, दोघांनी त्याच्या पोटावर दगडी उखळ ठेवून हात सोडायचे आणि गावाने वीस आकडे मोजायचे. पोट टिकलं तर तालीम आणि खोली आणखी एक साल त्याची. नाहीतर दुसरा वस्ताद.

एका पंचमीच्या आठवडाभर आधी मी न सांगता खोलीत शिरलो. वस्ताद जांघेत आलेली गाठ तळव्याने आत लोटत होते. अंतर्गळ!

‘वस्ताद, गावाला सांगा. हिंगोलीला डाक्टर शिवून देतो.’

‘आन् वरीसभर वजन उचलू नको म्हणतो. पोट शिकवणाऱ्याचंच पोट फाटलं म्हटल्यावर पाटील ठेवंल व्हय मला? या वयात जाऊ कुठं लेका?’

त्यांनी माझा हात ओढून कोनाड्यातल्या मारुतीच्या पायावर ठेवला. ‘कोणाला बोललास तर याची आण.’

तुम्ही म्हणाल, तरी बोलायचं होतं. मारुतीची आण मोडणारा तालमीतला एक गडी दाखवा मला! त्यांच्यासंगं मीही अडकलो.

पंचमीला उखळ धरायला मीच होतो. ठेवलं, पण माझे हात सुटेनात.

‘हात काढ!’ पाटील ओरडले. लोक हसू लागले.

खालून वस्ताद म्हणाले, ‘भिऊन राहिलाय तो. दुसरा गडी द्या.’

मला बाजूला सारलं. गावाने विसापर्यंत मोजलं. वस्ताद उठले, हसले, गुलाल उधळला. त्यांचे ओठ मात्र पांढरेफटक पडले होते.

दुसऱ्या दिवशी गाठ आत जाईना. ओकाऱ्या सुरू झाल्या. मी गाडी जुंपून हिंगोलीची वाट धरली. चिखलात चाकं रुतत होती.

‘वस्ताद, आता तरी सांगू?’

‘न्हाई.’

अर्ध्या वाटेतच ते गेले. बाप गेल्यावर रडलो नव्हतो एवढा मी गाडीत रडलो.

चितेपाशी सगळा गाव होता. पाटलांनी डोळे पुसले.

‘काय पोट होतं गड्याचं! एवढं उखळ पेललं, आन् पटकीनं नेलं.’

‘व्हय,’ मी म्हणालो, ‘पटकीच.’