तिसऱ्या कुंडातला पाय

लग्न होऊन मी मुंबईला निघाले त्या सकाळी सगळी दासगावच्या धक्क्यावर लाँच गाठायला तयार, आणि दादाचा पत्ता नाही. तो गावाबाहेरच्या गरम पाण्याच्या कुंडांवर सापडला. तिसरं कुंड सगळ्यात कढत, त्यात आम्ही कोणी बोटही बुडवत नसू. हा त्यात डावा पाय सोडून खुशाल बसलेला.

"माणूस हाय का कातळ?" काकी म्हणाली.

"रडू नको गं," दादा मला म्हणाला. "मुंबईत तुला पाणी तापवायला लागंल. मला न्हाय."

सगळे हसले, मीही. आईला तर त्या पायाचा अभिमान. "देवीचा हात हाय त्याच्यावर," म्हणायची. पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला न्यायची. पायाला फोड यायचे, त्यावर खोबरेल लावायची. लोक पाया पडायचे.

माझगावच्या खोलीत खरंच स्टोव्हवर पाणी तापवावं लागलं. रॉकेलचा वास अंगाला चिकटायचा. माहेरी कोणी अंघोळीसाठी काडी पेटवली नव्हती.

दोनेक वर्षांनी दादा गोदीत काम शोधायला आमच्याकडे आला. एका सकाळी मी कढत पाण्याची बादली मोरीत ठेवली आणि विसणाला गार पाणी आणायला नळावर गेले. परत आले तर त्याचा पाय बादलीत, आणि तो माझ्या नवऱ्याशी भाताच्या पिकाबद्दल बोलतोय. पाय बाहेर काढला तर कातडं सुटून आलं. तोंडावर काही नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी टाचणी टोचली. "कळतंय?"

"न्हाय," दादा म्हणाला. तेव्हाही जरा ऐटीतच.

महारोग होता. गोळ्या निघाल्या होत्या, त्याला दिल्याही. पण पाय वाचला नाही. काम कोण देणार? तो गावी गेला. पाया पडणाऱ्यांनीच त्याला कुंडावर यायची बंदी केली आणि खाडीकडेला खोपी घालून दिली. गोळ्या संपल्या, पुन्हा कोणी आणल्या नाहीत. तो गेल्याचं मला महिन्यानं कळलं. "देवीनं दिलं, देवीनं नेलं," आई म्हणाली. 

आता सून गिझरचं पाणी काढून देते. मी आधी पाय घालून बघते. भाजलं की बरं वाटतं.

गावची माणसं म्हणतात, येऊन अंघोळ करून जा, गुडघे मोकळे होतील. मी जात नाही. तुम्ही जा. पण तिथलं पाणी ज्याला भाजत नसेल त्याला नमस्कार करू नका, दवाखान्यात न्या. माझ्याकडे माहेराचं एवढंच उरलंय.