सुजाता सुलटा करायची तो बोर्ड

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कॉमेंटमध्ये वाद नको. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. कास्टिंगला कुठं तडा गेलाय, कुठं आत पोकळी राहिलीय, हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. 'साहेब, आपोआप झालं' हे वाक्य आमच्याकडं चालत नाही. आपोआप काही होत नसतं, कुणीतरी केलेलं असतं किंवा कुणाचं तरी करायचं राहिलेलं असतं. गल्लीत कुणी सांगायला लागलं की अमक्याला सावली दिसली, तमक्याला हाक ऐकू आली, की मी सरळ विचारायचो, चष्म्याचा नंबर कधी तपासलास? असा माणूस मी... आणि तरी हे लिहायला बसलोय.

माझी मुलगी समृद्धी, घरात समू, प्रोफेशनल स्केटबोर्डर आहे. हे वाक्य लिहिताना माझी छाती अजून फुगते, आणि फुगू दे. शाहूपुरीत आमच्या निम्म्या नात्याची दुकानं आहेत. बाकीच्यांची पोरं सीए झाली, डॉक्टर झाली. आमची पोरगी चार चाकांच्या फळीवर उभी राहिली. सुरुवातीला लग्नाकार्यात पावणं विचारायचे, "पोरगी काय करती?" मी सांगितलं की म्हणायचे, "ते व्हय... पायात चाकं बांधून पळतात ते. आमच्या बारक्याच्या शाळेत बी हाय की." आता मी तोंड वाजवत बसत नाही, मोबाईल काढून व्हिडिओच दाखवतो. पोरगी बोर्डसकट पायऱ्यांवरून उडी मारते, बोर्ड हवेत पायाखाली गोल फिरतो, आणि खाली उतरताना ती पुन्हा त्याच्यावर उभी असते. व्हिडिओ संपेपर्यंत पावणं जिलेबी खायचं विसरतात.

बेंगळुरूच्या एका बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची टीम आहे, समू त्यात. कोण गोव्याचं, कोण मणिपूरचं, कोण चेन्नईचं. सीझन लागला की एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ही सगळी वरात निघते. आज एका गावात स्पर्धा, उद्या दुसऱ्या गावात शाळेच्या मैदानावर डेमो. गाडीत मोज्यांचा वास, कुणाच्या तरी कोपराला कायम बँडेज, आणि एकाच स्पीकरवरून भांडणं. समू टीममध्ये आली तेव्हा लहान होती, म्हणून मॅनेजर म्हणाला, घरातलं कुणीतरी बरोबर पाठवा. माझी बायको सुजाता गेली. पहिल्या टूरला नाराजीनं, दुसऱ्या टूरला आठ दिवस आधी बॅग भरून.

आम्ही जैन. सुजाता सूर्य मावळल्यावर जेवायची नाही. त्यामुळं झालं असं की, जी पोरं घरी रात्री दहाच्या आत ताटावर बसली नव्हती ती सूर्याकडं बघून ढाबा शोधायला लागली. "आंटी, सूरज जा रहा है," म्हणून ड्रायव्हरच्या मागं लागायची. मणिपूरचा पोरगा तिच्या हातची ज्वारीची भाकरी मोडायला शिकला. सगळे तिला घाबरायचेही, कारण आवाज खास कोल्हापुरी, प्रेमानं बोलली तरी समोरच्याला वाटायचं रागावली.

तिचं आणि टीमचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. स्केटर लोक बोर्ड कधी चाकांवर ठेवत नाहीत. खाली ठेवायचा तर पालथा, चाकं वर. चाकांवर ठेवला तर निसटतो, कुणाच्या पायाखाली येतो, हाडं मोडतात. आणि सुजाताला पालथा बोर्ड बघवायचा नाही. आपल्याकडं दारात चप्पल उलटी पडली की कसं हात आपोआप जातो, तसं तिचं व्हायचं. "पालथी चप्पल घरात भांडण लावती," म्हणायची, "ह्ये बी पायातलंच की." आणि जाता-येता ओळीनं सगळे बोर्ड सुलटे करून ठेवायची. पुण्यात एकदा तिनं सुलटा केलेला बोर्ड उतारावरून पळाला तो थेट रस्त्यावर, एका रिक्षाखाली. पोरांनी हात जोडले. ती म्हणाली बरं, आता न्हाय करत. पण कुणी बघत नसलं की करायचीच.

दीड वर्षापूर्वी सुजाता गेली. सकाळी चहा ठेवला, आणि अटॅक आला... जास्त लिहीत नाही. त्यानंतर सरावात समूचा घोटा मोडला. प्लेट बसवली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, परत तिथंच मोडला तर बोर्ड विसरायचा. समू कितीतरी महिने बोर्डकडं बघायची सुद्धा नाही. मग एके दिवशी कुणाला न सांगता बोर्ड उचलला आणि गेली. मी विचारलं कुठं गेलतीस, तर म्हणाली, "पडून आलो." आमच्याकडं पोरी अशाच बोलतात, आलो-गेलो. मला त्या दिवशी हसूही आलं आणि रडूही.

पुढच्या टूरला तिच्याबरोबर मी गेलो. मला भाकरी येत नाही, म्हणून मी माझं काम काढलं. रोज सकाळी सगळ्यांचे बोर्ड तपासायचो. चाकं, बेअरिंग, नट, ट्रक, म्हणजे बोर्डखालचा तो धातूचा भाग ज्यावर चाकं बसतात. बेअरिंग मी स्वतः धुवायचो. पोरं मला 'क्यूसी अंकल' म्हणायला लागली आणि खरं सांगतो, कंपनीत मिळालेल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मला ते नाव आवडलं.

टूरची शेवटची स्पर्धा कोल्हापुरात होती. कागलच्या रस्त्याला एका कारखानदारानं आपल्या मोकळ्या प्लॉटवर स्केटपार्क बांधलाय, तिथं. आख्खी शाहूपुरी लोटलेली. माझी मेहुणी डबे घेऊन, काका लोक टोप्या घालून, कंपनीतला माझा स्टाफ. मुलींमध्ये जी पहिली येईल तिचं नाव भारताच्या कॅम्पला जाणार होतं. चेन्नईची कीर्तना पुढं होती, समू तिच्या मागं. शेवटची एक संधी उरलेली. मोठ्या पायऱ्यांवरून ती फिरती उडी... ती नीट उतरली तर समू पहिली. घोटा मोडल्यापासून ती उडी तिनं स्पर्धेत एकदाही मारली नव्हती.

दुपार उतरत आलेली, ऊन तिरकं. कुंपणाच्या कडेला माझी खुर्ची. तिथं पाणी वाहून जावं म्हणून कोब्याला चांगला उतार दिलेला, थेट खालच्या खड्ड्याकडं. समूनं बोर्ड माझ्या पायाजवळ पालथा ठेवला आणि ती घोट्याला पट्टी बांधून घ्यायला गेली. बोर्ड राखणं माझी ड्यूटी होती. गोव्याच्या पोरानं तिकडं काहीतरी जबरदस्त केलं आणि सगळ्या स्केटरनी आपापले बोर्ड काठावर आपटायला सुरुवात केली. हे लोक टाळ्या वाजवत नाहीत, बोर्ड आपटतात. मी मान वर करून बघितलं आणि परत खाली बघितलं.

बोर्ड सुलटा होता. चाकांवर.

मी म्हटलं, गेलं असेल कुणीतरी पाय लावून. पालथा केला. आजूबाजूला बघितलं, जवळ कुणी नव्हतं. सगळं पब्लिक पलीकडच्या बाजूला. पाण्याची बाटली घ्यायला वाकलो, उठलो... परत सुलटा. मला राग आला. माझ्या स्टाफमधला कुणी चेष्टा करतोय असं वाटून मी खुर्चीमागं जाऊन बघून आलो. मागं कुंपण, त्याच्यामागं उसाचं रान. तोपर्यंत एक गोष्ट मेंदूत शिरलीच नव्हती. तो बोर्ड उतारावर चाकांवर उभा होता आणि हलत नव्हता. ती बेअरिंग मी सकाळी धुतलेली. नुसती फुंकर मारली तरी चाक फिरत राहायचं.

समू आली. बोर्ड बघून जागच्या जागी थांबली.

"पप्पा, मम्मीगत का ठेवलाय?"

"मी न्हाई ठेवला," मी म्हणालो.

ती खाली बसली आणि बोर्डवर हात ठेवला, देव्हाऱ्यापुढं ठेवावा तसा. मग तिचा हात एका जागी अडकला. बोर्डच्या वरच्या अंगाला काळा खरखरीत कागद असतो, पाय घसरू नये म्हणून. त्या काळ्यावर पुढच्या बोल्टांच्या रेषेत एक बारीक राखाडी रेघ होती, तिरक्या उन्हात तेवढीच चमकत होती. तिनं अंगठ्यानं दाबलं. आतून कर्र आवाज आला. फळी आरपार फुटलेली होती, नुसत्या त्या कागदानं धरून ठेवलेली, आणि खालून ती रेघ ट्रकखाली झाकलेली.

मी सकाळी बघितलेला बोर्ड होता तो. पण पालथा बघितलेला... धातू बघितला, नट बघितले. आणि नंतर सरावात एक-दोनदा ती जड उतरली होती. बोर्ड पालथाच राहिला असता तर तिनं तो सवयीनं उचलून पळत पळत पायाखाली टाकला असता आणि गेली असती. उडी, मग खाली उतरताना दोन तुकडे, मग घोटा.

"ह्याच्यावरनं गेलो असतो तर संपलंच होतं, पप्पा," ती म्हणाली. आवाज एकदम शांत.

तेवढ्यात माईकवर तिचं नाव पुकारलं. दुसरा बोर्ड गाडीत, गाडी गेटबाहेर. कीर्तना जवळच उभी होती. तिनं आमचा फुटका बोर्ड बघितला, समूकडं बघितलं आणि आपला बोर्ड पायानं ढकलून दिला. तो घरंगळत समूच्या पायाशी आला. लक्षात घ्या, समू पडली तर पहिली येणार होती ती हीच पोरगी. आजही चेन्नईचं नाव निघालं की मी मनातल्या मनात तिच्या आई-बापाला नमस्कार घालतो. मी खिशातला पाना काढून ट्रक समूला लागतात तेवढे सैल करून दिले.

समू पळाली. बोर्डवर चढली. पायऱ्यांच्या टोकाला गेली आणि सुटली... बोर्ड फिरला, पाय बसले, खाली धाडकन उतरली आणि तशीच पुढं निघून गेली, वळणावर हात पसरून, लहानपणी घरातल्या कोब्यावर पळायची तशी.

मग काय आवाज झाला म्हणून सांगू. सगळे बोर्ड आपटायला लागले. काका लोकांना काय झालं ते कळलं नव्हतं, तरी त्यांनी खुर्च्या आपटल्या. कीर्तनाकडं आपटायला बोर्ड नव्हता, म्हणून तिनं समूचा फुटका घेतला आणि काठावर असा हाणला की दोन तुकडे होऊन एक तिच्या हातात राहिला. मी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं कधी ओरडलो नव्हतो. मेहुणी सांगते, मी "सुजाता, बघ की," असं ओरडलो. मला आठवत नाही.

नंतर मी क्वालिटीवाल्यासारखाच वागलो. सगळ्यांचे मोबाईल तपासले. प्रत्येकाचा कॅमेरा पायऱ्यांकडं, माझ्या खुर्चीकडं एकाचाही नाही. वारा म्हणावं तर माझी कागदी डिशसुद्धा जागेवर होती. पुढच्या रविवारी मी एकटाच त्या पार्कला गेलो, तसलाच बोर्ड, तीच चाकं, तीच जागा. सुलटा ठेवला की सुटायचा आणि खाली खड्ड्यात. मोजून कंटाळलो. एकदाही उभा राहिला नाही. कोब्यात खाच असेल म्हणून हात फिरवून बघितला, तर गुळगुळीत. रिपोर्टमध्ये मी आयुष्यभर 'कारण' हा रकाना कोरा सोडू दिला नाही कुणाला. हा कोरा आहे.

फुटक्या बोर्डाचे तुकडे आमच्या चपलांच्या रॅकवर आहेत, सुलटे. कामवाल्या मावशींनी पुसताना फिरवले तर मी नीट करतो. मला ती सवय कधी लागली ते कळलं नाही.

समू कॅम्पला जाऊन आली. आणि गेल्या महिन्यात टीमची गाडी न सांगता आमच्या दारात उभी राहिली. स्केटबोर्डिंगमध्ये खरं प्रो होणं म्हणजे सर्टिफिकेट नसतं. कंपनी तुमच्या नावाचा बोर्ड काढते, आणि तो तुमच्या हातात पडेपर्यंत तुम्हाला पत्ता लागू देत नाहीत. मॅनेजरनं चादरीत गुंडाळलेलं काहीतरी समूच्या हातात दिलं. तिनं सोडलं. बोर्डवर चित्र असतं ते खालच्या अंगाला. तिथं टोकाला तिचं पूर्ण नाव होतं, आणि मधोमध दोन रबरी चपला, निळ्या पट्ट्याच्या, एकीला एक लावून ठेवलेल्या. सुजाता टूरवर घालायची त्याच. पोरांनी आपापसात ठरवून चित्रकाराला सांगितलेलं. समूनं बोर्ड छातीशी धरला आणि रडली. मग गोव्याचा पोरगा गळ्यात पडला, म्हणून तिनं बोर्ड खाली अंगणात ठेवला.

स्केटरच्या सवयीनं ठेवला, पालथा, चाकं वर. मी माझ्या सवयीनं तो सुलटा करायला वाकलो... आणि हात मागं घेतला. चित्र वर आलेलं, चपला सरळच होत्या.