निळा पंख

नीलकंठराव सांगलीहून देवासच्या कारखान्यात फिटर म्हणून आले आणि आमचे शेजारी झाले. त्यांचा एकुलता एक अनीश माझा विद्यार्थी. मराठी वाचताना अडखळायचा, पण बापाची कानस हातात आली की मान वर करायचा नाही. बारावीच्या सुट्टीत मामानं त्याला रेझीनच्या विमानाचं किट आणून दिलं. कडक, राखाडी तुकडे; घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. एक पंख निळा झाला आणि अनीशला कावीळ झाली. २००२च्या पावसाळ्यात तो गेला.

रंग ओला असतानाच त्यानं तो पंख उचलला होता. अंगठ्याचा ठसा रंगात तसाच राहिला, रेषा न् रेषा दिसायची.

त्याची आई विद्युल्लताबाई ते अर्धं विमान कपाटावर ठेवून रोज पुसत. नीलकंठरावांना मात्र ते पुरं करायचं होतं.

“अहो, राहू द्या ना तसंच.”

“त्याला पुरंच करायचं होतं ना? ठशाला मी हात लावत नाही. बस्स?”

“तुम्ही हात लावत नाही म्हणता, तेव्हाच मला धडकी भरते. दुरुस्त करता करता मोडलेला मिक्सर आठवतोय ना?”

एवढं बोलून त्या किंचित हसल्या. अनीश गेल्यानंतर पहिल्यांदाच.

उजेड चांगला म्हणून नीलकंठराव रविवारी आमच्या ओसरीवर बसत. दुसरा पंख, शेपूट, चाकं झाली. निळ्या पंखावरचा पांढरा पट्टा तेवढा राहिला. ठशापासून लांब त्यांनी चिकटपट्टी लावली, पट्टा रंगवला, वाळू दिला. मग चिकटपट्टी अगदी हलक्या हातानं ओढली. तिच्याबरोबर निळा रंग सालीसारखा निघून आला, ठशासकट. साल उलगडायला गेले, तर तिचा भुगा झाला.

किट जिथून आणलं होतं, त्या इंदूरच्या दुकानदाराला त्यांनी फोन लावला.

“भिया, रंगने के पहले साबुन से धोया था? टुकड़ों पर साँचे का तेल रहता है, रंग पकड़ता ही नहीं.”

“मेरे बेटे ने रंगा था,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

घरी मीही त्यांच्याबरोबर गेलो. बाई कणीक मळत होत्या. नीलकंठरावांनी कोरा पंख पुढे धरला. त्यांनी परातीतून हात काढले.

“रोज पुसताना मी तिथं बोट ठेवायची,” त्या म्हणाल्या. “आता कुठं ठेवू?”

बाईंनी पुन्हा परातीत हात घातले. कणीक केव्हाच मऊ झाली होती, तरी त्या मळतच राहिल्या.