पुढच्याला उठव

भूतबित, करणी-बिरणी यांवर माझा काडीइतकाही विश्वास नव्हता. सांगलीला शेजारणीच्या अंगात आलं की तोंड दाबून हसणाऱ्यांतली मी. तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी आम्ही चेन्नईला आलो. घर पूनमल्लीत, आणि माझी नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात. पहिल्या शिफ्टसाठी पहाटे साडेचारला स्टॉपवर उभं राहायचं... त्यामुळे दुपारी अडीचची परतीची कंपनी बस हायवेला लागली की पाच मिनिटांत सगळ्या बायका ढाराढूर! स्टॉप चुकू नये म्हणून आमचा नियम होता – उतरणारीने पुढच्या स्टॉपवालीला उठवायचं. चेंबरंबाक्कमला उतरताना कमलाक्का मला उठवायची. बांगड्यांचा किणकिणाट, खांद्यावर दोन बोटांनी दोनदा टकटक, आणि "एळुंदिरु मा" – म्हणजे ऊठ गं. पूनमल्लीला मी रेवतीला हलवायचे. बावीस वर्षांची पोर, तिचा स्टॉप शेवटचा, अंबत्तूर. जाग आली की ती डावीकडची खिडकी सोडून ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसायची, त्याच्याशी गप्पा मारत.

त्या दिवशी कमलाक्का तापाने रजेवर होती. आज जागं राहायचं असं ठरवून बसले, आणि अर्थातच झोपले.

टकटक. दोनदा. "एळुंदिरु मा!"

डोळे उघडले तर बस पूनमल्लीच्या स्टॉपवर, आता सुटणारच. डबा, पर्स, ओढणी गोळा करत मी दाराकडे धावले. मागून बाईचा आवाज आला, "रेवती! रेवतीला उठव!" ऐकला मी तो. पण गडबडीत पायरी उतरले आणि दार बंद झालं. सव्वातीन वाजले होते.

रस्ता ओलांडताना आठवलं – कमलाक्का आज आलीच नव्हती. आणि बसमध्ये माझ्यानंतर एकच बाई उरली होती, रेवती. तीही झोपलेली.

अर्ध्या तासाने फोन आला. बायपासवर आमची बस उभ्या ट्रेलरला घासली होती. डावी बाजू पार चेपली. ड्रायव्हरला फक्त खरचटलं होतं. रेवती वाचली, पण डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. हॉस्पिटलमध्ये तिने मला एवढंच विचारलं, "अक्का, मला उठवलं का नाहीत?"



दोन दिवसांनी कमलाक्काकडे गेले. त्या हाताबद्दल मी कुणालाच, अगदी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मला पाहताच ती रडायला लागली. "तापात झोपले होते मा. स्वप्नात तुला उठवलं. रेवतीला उठव म्हणून किती ओरडले... तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस."

तिची सून म्हणाली, "सव्वातीनला ओरडत उठल्या. सगळं घर जागं केलं. अपघाताचं तर आम्हाला रात्री कळलं."

नवरा म्हणतो, अर्धवट झोपेतले भास आणि योगायोग. असेल बाबा. मी नोकरी सोडली.

पण गेल्या महिन्यात दुपारी माझ्या चार वर्षांच्या मुलीला कुशीत घेऊन झोपले होते, आणि खांद्यावर टकटक झाली. दोनदा. कमलाक्काला फोन केला तर ती ड्युटीवर, चांगली जागी. त्यानंतर अजून दोनदा झालं. काही घडलं नाही... अजून तरी. हे काय आहे, कोण आहे, मला आजही ठाऊक नाही.

आता टकटक झाली की मी आधी पोरीला उठवते, उचलते आणि अनवाणी रस्त्यावर येऊन उभी राहते. शेजारणी तोंड दाबून हसतात.

हसू देत.