देवळातली बाई उलटी छापली गेली तेव्हा

लग्न होऊन मी अंबरनाथला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन कादंबऱ्या होत्या. सासूबाईंनी त्या चाळून बघितल्या आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिल्या. रागावल्या नाहीत. "संसाराला लागलीस, आता हे कशाला?" एवढंच म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं वाचन म्हणजे पोथी आणि पंचांग. मला मात्र छापलेला कागद दिसला की राहवत नसे. वाण्याकडून डाळ आली की डाळ डब्यात आणि पुडीचा कागद माझ्या हातात.

आमचे हे इथल्याच एका कारखान्यात होते. एकदा कल्याणला गेले होते, ते येताना स्टेशनवरच्या स्टॉलवरून एक मासिक घेऊन आले. इतिहासाचं. वर किल्ल्याचं चित्र, आत बारीक टायपातले लेख. मी हळूच सासूबाईंकडे बघितलं.

"इतिहास आहे होय?" त्या म्हणाल्या. "मग वाच की. चांगलं असतं ते."

त्या चांगल्या वाचनात पहिल्याच लेखात एका सरदारावर जेवणातून विषप्रयोग झाला होता. दुसऱ्यात एक राणी पुरुषाच्या वेशात वेढ्यातून निसटली होती. माझ्या दोन्ही कादंबऱ्यांत मिळून एवढं घडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई तांदूळ निवडत होत्या, तेव्हा मी त्यांना विषाचा लेख वाचून दाखवायला घेतला. थोड्या वेळाने त्यांचा हात सुपातच थांबला.

"पण विष घातलं कोणी?"

"पुढे आहे ते."

"मग थांबलीस कशाला? वाच ना."

तिथून आमच्या दुपारच्या वाचनाला सुरुवात झाली, आणि हे दर महिन्याला नवा अंक आणू लागले. शेजारपाजारच्या बायका विणकाम, निवडणं-टिपणं घेऊन ओट्यावर येऊन बसायच्या. ज्यांनी शाळेत सनावळ्या पाठ करून इतिहासाला हात जोडले होते, त्याच आता नवा अंक कधी येतो म्हणून विचारायच्या. शिवाय आमच्याकडे यायची अदी. फाळणीनंतर जवळच वसलेल्या निर्वासितांच्या कॅम्पातून कापडाचं गाठोडं घेऊन दारोदार फिरणारी ही सिंधी बाई. तिच्याकडे थोरल्या बहिणीला अदी म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. ती पाणी प्यायला म्हणून टेकायची आणि लेख संपेपर्यंत हलायची नाही. मराठी तिला अर्धंमुर्धं समजे. मध्येच विचारी, "वो सरदार मर गया क्या?" मग सासूबाई त्यांच्या हिंदीत तिला सांगत, "अभी नहीं मर्‍या. दूध पिऊन झोप्या."

एका महिन्यात अंक उघडला आणि मी उडालेच. आत आमचं देऊळ. वालधुनी नदीच्या काठावरचं, जिथे सासूबाई दर सोमवारी बेल वाहायला जात, तेच. शिलाहार राजांच्या काळात ते कसं बांधलं, भिंतीवरच्या मूर्ती कशा, सगळं लिहिलं होतं. आणि हातात आरसा घेऊन स्वतःला न्याहाळणाऱ्या एका दगडी बाईचा पानभर फोटो.

"अशी बाई नाही आपल्या देवळात," सासूबाई म्हणाल्या. "मी इतकी वर्षं जाते आहे."

"आहे म्हणून लिहिलंय."

"चला, बघूनच येऊ."

उन्हं जरा कलल्यावर आम्ही पाच-सहा जणी निघालो, अदीसुद्धा गाठोड्यासकट. पुजाऱ्याला वाटलं, काही व्रत असावं. पण आम्ही गाभाऱ्यात न जाता बाहेरच्या भिंतीला मान वर करून प्रदक्षिणा घालत होतो. हत्ती सापडले, नाचणाऱ्या बायका सापडल्या, एक दाढीवाला ऋषी सापडला. आणि एका कोपऱ्यात, वर, आरसेवाली.

सासूबाई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. "डोकं खाली घालून आत जायचं, डोकं खाली घालून बाहेर यायचं," त्या म्हणाल्या. "ही दिसणार कशी?"

मग एकीने अंक मूर्तीसमोर धरला आणि गोंधळ सुरू झाला. फोटोत आरसा उजव्या हातात होता, भिंतीवर डाव्या. कोणी म्हणालं ही ती नव्हेच. कोणी पुन्हा फेरी मारून आलं. सासूबाईंचं ठाम मत, छापलेलं चुकायचं नाही, आपणच बघायला चुकतोय. अदीने अंक मागून घेतला, ते पान उन्हासमोर धरलं आणि कागदाच्या पाठीमागून बघितलं.

"माई, इधर से देखो," ती सासूबाईंना म्हणाली. "छापनेवाले ने उल्टा छापा."

पातळ कागदातून बाई आरपार दिसत होती, आरसा डाव्या हातात. आम्ही एकेकीने पाठीमागून बघितलं आणि देवळाच्या आवारात इतक्या हसलो की पुजारी बाहेर आला. मग त्यालाही दाखवलं.

घरी आल्यावर मी संपादकांना कार्ड टाकलं. लिहिताना सासूबाई शेजारी बसल्या होत्या. "लेख छान आहे ते आधी लिही," त्या म्हणाल्या, "मग चूक सांग." खाली सही केली, 'अंबरनाथच्या वाचक भगिनी'.

पुढच्या अंकात चौकट आली. फोटो उलटा छापला गेल्याबद्दल दिलगिरी, आणि अंबरनाथच्या चोखंदळ वाचक भगिनींचे आभार. सासूबाईंनी ती तीनदा वाचून घेतली. चोखंदळ या शब्दावर त्यांचा विशेष जीव जडला; नंतर भाजीवालीशी घासाघीस करतानाही तो वापरायच्या. यांनी कारखान्यात सगळ्यांना अंक दाखवला आणि घरी येऊन सांगितलं, मासिकाची वर्गणीच भरून टाकू.

त्यानंतर कधीतरी सिंधू नदीकाठच्या पुरातन शहरावर लेख आला. मी विटांचे रस्ते, विहिरी वाचत होते, तोच अदी ताठ बसली. "ये तो हमारे उधर का है," ती म्हणाली. लग्नानंतर सासरच्या बायकांबरोबर बैलगाडीतून ती ते अवशेष बघायला गेली होती. पुऱ्या-लोणचं बांधून नेलं होतं, आणि त्या पुरातन भिंतीच्या सावलीत बसून सगळ्यांनी ते खाल्लं होतं.

मी मासिक मिटलं. सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "गटारं होती का खरंच? झाकलेली? हिने आत्ता वाचलं तशी?"

"पक्की, माई. ऊपर से ईंट की. कॅम्प में हमारे यहाँ अभी तक नहीं है."

आधी ती स्वतःच हसली, मग आम्ही. सासूबाई चहा टाकायला उठल्या आणि आतूनच म्हणाल्या, मी येईपर्यंत तिला पुढचं काही सांगू देऊ नका.